मोटर ठणठणीत आहे

व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना त्याचा आवाज एकाएकी बारीक झाला आणि वर चढला, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आता बघा कसं जोरात चाललंय!" त्या घडीला यंत्र जवळपास काहीच काम करत नसतं. पाइपात काहीतरी अडकलेलं असतं, नाहीतर पिशवी गच्च भरलेली असते.

कारण समजायला स्वयंपाकघरातला मिक्सर आठवावा. त्यात असते त्याच जातीची, युनिव्हर्सल म्हणतात ती मोटर व्हॅक्यूम क्लीनरमध्ये बसवलेली असते, मिनिटाला वीस-तीस हजार फेरे मारणारी. तिच्या दांड्यावर पंखा असतो. पंखा हवा मागे फेकतो, त्या जागी पुढून नवी हवा पाइपातून धावत येते आणि येताना धूळ ओढून आणते. हवा फेकणं हेच मोटरवरचं ओझं. पाइप तुंबला की फेकायला हवाच उरत नाही, ओझं उतरतं आणि मोकळी झालेली मोटर आणखी सुसाट फिरते. वीजसुद्धा ती त्या वेळी कमीच खाते. मग ती तापते कशाने? तर साध्या कोरड्या यंत्रात जी हवा धूळ घेऊन येते, तीच गाळून पुढे मोटरवरून जाते आणि तिला थंड ठेवते. हवा थांबली की सफाई थांबते, हे डोळ्यांना दिसतं. मोटरला वारा मिळायचा थांबला, हे दिसत नाही. ते वास आल्यावर कळतं.

ही यंत्रं आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गालिचे अंथरलेली, खिडक्या बंद असलेली घरं असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीचं घर तसं नाही. दाजीपूरच्या जंगलाला लागून असलेल्या या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, मृगापासून चार महिने भिंतींना ओल असते. पाऊस सरला की जांभ्याची लाल माती वाळून पिठासारखी होते आणि उंबऱ्याखालून, कौलांच्या फटींतून आत येते. दुर्गमानवाडच्या अंगाला बॉक्साइटच्या खाणी आहेत. सुगी झाली की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, फडात पाचट पेटतं आणि त्याची काळी कुसळं वाऱ्यावर येऊन सोफ्यावर, अंथरुणावर बसतात. शिवाय बऱ्याच घरांत अजून आंघोळीच्या पाण्याला बंब आहे, म्हणजे राख आलीच. धूळ, राख, काजळी आणि ओल ही चारही एकाच घरात नांदतात. यंत्राच्या खोक्यातल्या माहितीपत्रकाला यातली एकही नीट माहीत नसते.

माझी मावशी राधानगरीत राहते. दिवाळीच्या तोंडावर तिच्याकडे रंगकाम निघालं. रंगाऱ्याने भिंतींना पुट्टी लावून ती पॉलिशपेपरने घासली आणि घरभर पांढऱ्या पिठाचा थर बसला. झाडू मारला की पीठ उडायचं आणि दुसरीकडे जाऊन बसायचं. मावशीने मुलाने पुण्याहून आणलेला व्हॅक्यूम क्लीनर काढला. थोडा वेळ काम झकास झालं. मग आवाज चढला, मावशीला वाटलं रंगात आलंय, आणि पुढच्या खोलीत जाता जाता यंत्र एकदम गप्प झालं. काकांनी खटका वरखाली केला, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिलं, फ्यूज पाहिला. काही नाही. "जळालं," असा निकाल देऊन त्यांनी ते पोत्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी एस. टी.ने पन्नासेक किलोमीटरवरचं कोल्हापूर गाठलं.

दुकानात मिस्त्रीने पिन लावली आणि यंत्र लगेच सुरू झालं. काकांचा चेहरा पडला. बंद पडलेली वस्तू दुरुस्तीवाल्यासमोर चालू होण्यासारखी दुसरी पंचाईत नाही. मिस्त्री मात्र हसला. त्याने झाकण उघडलं, आतली कापडी पिशवी काढली आणि दुकानाच्या पायरीवर आपटली. रस्त्यावर पांढरा ढग उठला. "काका, मोटर ठणठणीत हाय की. हिला वारा कुठनं मिळणार?" असं म्हणून त्याने फिल्टर हातात दिला. तो बोटाने दाबला तर सुकलेल्या चुन्याच्या पापुद्र्यासारखा कडक लागत होता.

यंत्र बंद पाडलं होतं ते मोटरलगतच्या थर्मल कटआउटने. मोटर ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की हा वीज तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. त्याला अर्धा तास लागतो, कधी तासाहून जास्त. रात्रभरात तो आपोआप जोडला गेला होता. तेव्हा चालता चालता यंत्र बंद पडलं तर पहिलं काम पिन काढणं, दुसरं पिशवी आणि फिल्टर बाहेर काढणं, आणि तिसरं गप्प बसणं. दोनेक तासांनी, फिल्टर साफ करून, पुन्हा लावून पाहावं. सुरू झालं तर कोल्हापूरची फेरी वाचली. काही यंत्रांत मात्र एकदाच उडणारा थर्मल फ्यूज असतो. तो गेला की बदलावाच लागतो आणि ते काम मिस्त्रीचंच. कुणी सांगेल की दोन्ही वायरी थेट जोडून टाका, चालतंय. चालतंय खरं, पण मग पुढच्या वेळी यंत्राला थांबवायला कुणी उरत नाही.

फडक्यातून हवा ओढून घ्यायची आणि धूळ फडक्यावर ठेवायची, ही कल्पना या यंत्राच्या जन्मापासूनची. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. त्याला वाटलं, उडवण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? त्याने एका उपाहारगृहात खुर्चीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकवून श्वास ओढला, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. त्याचं पहिलं यंत्र एवढं अवजड होतं की घोडे ते ओढत न्यायचे, गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि पाइप खिडकीतून घरात जायचे. सातव्या एडवर्डच्या १९०२ सालच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे त्यानेच साफ केले. पुढे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा सफाई कामगार दम्याने बेजार झाला होता. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हाताने फिरवता येईल असं यंत्र केलं आणि १९०८ मध्ये पेटंट मिळवलं. ते हक्क हूव्हर कुटुंबाने विकत घेतले. रुमालाच्या जागी अभ्रा आला, अभ्र्याच्या जागी कागदी पिशवी, तिच्यामागे घड्यांचा हेपा फिल्टर. कापडाची छिद्रं बुजली की ओढ जाते, ही अडचण मात्र तशीच राहिली. याच अडचणीवर चिडून इंग्लंडच्या जेम्स डायसनने लाकडाच्या गिरणीत भुसा वेगळा करणारं चक्रीवादळी नळकांडं घरगुती यंत्रात बसवायचं ठरवलं आणि ते साधेपर्यंत ५,१२७ नमुने केले. अशा बिनपिशवीच्या यंत्रातसुद्धा मोटरच्या अलीकडे एक फिल्टर असतोच. पिशवी नाही म्हणून धुवायचं काही नाही, असं समजणारे बरेच भेटतात.

आपल्याकडे हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत शिरलं ते १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांमुळे. टाय लावलेला तरुण दिवाणखान्यात यायचा, गादीवरून नोझल फिरवायचा आणि निघालेली धूळ घरच्यांना दाखवायचा. यंत्र घर कसं साफ करतं हे त्या काळी पुष्कळांनी पाहिलं. यंत्र स्वतः कसं साफ करायचं, हे पाहायला फार कुणी थांबलं नाही.

ओढ कमी झाली, ही व्हॅक्यूम क्लीनरची सगळ्यात नेहमीची तक्रार. तिचा माग घरबसल्या काढता येतो. पाइप यंत्रापासून सोडवावा आणि यंत्राच्या तोंडावर तळवा धरावा. तळवा चिकटून बसला तर यंत्र ठीक आहे, दुखणं पुढे पाइपात किंवा ब्रशात आहे. चिकटत नसेल तर पिशवी आणि फिल्टर काढून, फक्त क्षणभर, पुन्हा हात धरावा. आता ओढ आली तर चोर सापडला. फिल्टरशिवाय यंत्र या एका परीक्षेपुरतंच चालवायचं, तेही धूळ न ओढता. नाहीतर सगळी माती मोटरवर.

लवचिक पाइप मोकळा आहे का हे पाहायला आमच्याकडे सुपारी वापरतात. एका तोंडातून अख्खी सुपारी सोडायची आणि पाइप उभा धरून हलवायचा. खडखडत दुसरीकडून पडली तर रस्ता साफ. अडकली तर आत केसांचा, धाग्यांचा, दसऱ्याच्या सफाईत ओढलेल्या कागदांचा बोळा आहे. तो काढायला लोखंडी सळई घालू नये, पाइपाच्या कड्या फाटतात. टोक गोल केलेली बांबूची काठी चालते. मागे फुंकणी असलेल्या यंत्रात पाइप त्या तोंडाला लावला की बोळा बाहेर उडतो; अंगणात करावं आणि समोर कुणी उभं नाही ना, ते बघून.

कधी पाइप मोकळा असतो, फिल्टर स्वच्छ असतो आणि तरी ओढ नसते. मग कुठेतरी फट आहे. ती बहुतेक वेळा मुठीजवळ सापडते, कारण सगळं वळणं-वाकणं तिथेच होतं. पतंगाच्या कागदाची पट्टी सांध्यांजवळून हळूहळू फिरवावी. जिथे ती आत ओढली जाते तिथे हवा गळते आहे. चिकटपट्टी गुंडाळून काही दिवस निभतं. मग पाइप टोकापासून चार बोटं कापून पुन्हा मुठीत बसवता येतो का, ते पाहावं. पिशवीच्या कप्प्याच्या झाकणाला रबराची कड असते, ती वाळून तडकली किंवा तिच्यावर मातीचा थर बसला तरी हाच परिणाम होतो. ओल्या फडक्याने पुसली की बरेचदा भागतं.

पिशवी भरेपर्यंत थांबायचं नसतं. अर्धी-पाऊण भरली की ओतावी. रांगोळी, पुट्टी, सिमेंट, पीठ, राख यांना तर हाही नियम लागू नाही, कारण ही भुकटी पिशवी भरत नाही, तिची छिद्रं बुजवते. वरून पाहावं तर पिशवी रिकामी आणि आत हवेला वाट नाही. रंगकामानंतरचं पीठ आधी ओल्या फडक्याने टिपून घ्यावं, उरलंसुरलं यंत्राने घ्यावं आणि लगेच फिल्टर झटकावा. कागदी पिशवी झटकून पुन्हा वापरण्याची काटकसर अंगाशी येते. तिची छिद्रं झटकून उघडत नाहीत आणि शिवणीवर फाटली की माती थेट मोटरपाशी. पोहे, पीठ, फरसाण ओढलं असेल तर पिशवी त्याच दिवशी रिकामी करावी. उंदीर वासाने येतात आणि पिशवीसोबत पाइपही कुरतडतात.

आता धुण्याविषयी. राधानगरीत जास्तीत जास्त यंत्रं इथेच बिघडतात, असं माझं मत आहे. स्पंजाचा फिल्टर आणि बहुतेक कापडी पिशव्या धुता येतात. घड्यांच्या हेपा फिल्टरवर धुता येतो असं छापलेलं असेल तरच धुवायचा. कागदी घड्यांचा फिल्टर पाण्यात घातला की संपला. हेपाचं काम बारीक असतं, ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवण्याचं. साबणाने आणि ब्रशने घासून त्याच्या घड्या मोडल्या की तो नुसता जाळीचा तुकडा उरतो. साधं गार पाणी, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, हलक्या धारेने. पिळायचं नाही.

माहितीपत्रकात पुढे लिहिलेलं असतं, चोवीस तास वाळवा. हे चोवीस तास कुठल्या गावचे? तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात राधानगरीत रुमाल दोन-दोन दिवस दमट राहतो, तिथे बोटभर जाडीचा स्पंज एका दिवसात काय वाळणार. वरून कोरडा लागतो, आत ओल असते. तो यंत्रात बसवला की धूळ त्यावर चिखल होऊन बसते, बुरशी धरते आणि पुढच्या वेळी खोलीभर कुबट वास सुटतो. तो वास बुरशीचा; दम्याच्या माणसाच्या घरात ती फार वाईट. मावशीच्या शेजारणीने लवकर वाळावा म्हणून फिल्टर चुलीच्या कट्ट्यावर ठेवला होता. प्लॅस्टिकची चौकट वाकडी झाली आणि कडेने हवा जाऊ लागली. यावर उपाय एकच आणि तो स्वस्त आहे: फिल्टरचा दुसरा जोड घेऊन ठेवणे. एक यंत्रात, एक पंख्याखाली. पंख्याखालचा गालाला लावून पाहायचा. गार लागला तर अजून ओला आहे. आणि शक्य असेल तर पावसाळ्यात धुवायचाच नाही, कोरडाच झटकून वापरायचा, धुण्याचं काम वैशाखातच उरकून घ्यायचं.

राखेचं प्रकरण मात्र गमतीवारी नेण्यासारखं नाही. बंबातली राख सकाळी गार दिसते, हाताला गार लागते, पण तिच्या पोटात निखारा कित्येक तास जिवंत असू शकतो. एरवी तो तसाच विझून जाईल. यंत्राने ओढला की त्याला जोराचा वारा मिळतो, आणि तो जाऊन पडतो तो कागद, केस, कापूस यांनी भरलेल्या पिशवीत. भाता मारून कोळसा पेटवण्याची याहून चांगली सोय नाही. चुलीची, बंबाची, शेगडीची, देवघरातल्या धुपाची राख व्हॅक्यूम क्लीनरने काढायचीच नाही. सूप आणि कुंचा पुरे. पूर्ण विझलेली राखसुद्धा इतकी बारीक असते की फिल्टर चोंदतो आणि काही भाग त्यातून पार होऊन मोटरच्या बेअरिंगपर्यंत जातो. दिवाळीत फटाक्यांचा कचरा, विझलेली फुलबाजीची तार, पणतीची वात हेही त्याच यादीत. रॉकेल-पेट्रोल सांडलेल्या जागेपासून तर यंत्र लांबच ठेवावं, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनपाशी ठिणग्या पडतच असतात.

पाचटाची काजळी निराळी. ती हाताने किंवा फडक्याने झटकली की कापडावर काळा फराटा उठतो आणि धुऊनही जात नाही. इथे व्हॅक्यूम क्लीनरसारखं हत्यार नाही. नोझल कापडाला न टेकवता बोटभर वर धरावा, कुसळं आपसूक उचलली जातात.

पावसाळ्यात दाराखालून पाणी आत आलं की ते यंत्राने ओढायचा मोह होतो. कोरडं यंत्र असेल तर एक थेंबही नको. पाणी थेट मोटरवर जातं आणि शॉक बसण्याची भीती असते. 'वेट अँड ड्राय' प्रकारच्या यंत्राची रचनाच वेगळी. त्यात मोटरला थंड करणारी हवा निराळ्या वाटेने येते आणि टाकीच्या वरच्या बाजूला एक तरंगता गोळा किंवा पेला असतो. पाणी ठरावीक पातळीला आलं की तो उचलला जातो आणि ओढीचं तोंड बंद करतो. राधानगरीकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. शाहू महाराजांनी भोगावतीवर उभारायला घेतलेल्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे त्यांनी पाहिलेले असतात: पाणी पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, बटण दाबायला कुणी लागत नाही. इथे पाणी चढलं की दार मिटतं, एवढाच फरक. मात्र हा तरंगता गोळा मातीने अडकला असेल तर वर येत नाही, म्हणून पाणी ओढण्याआधी बोटाने वर-खाली करून पाहावा. साबणाच्या फेसाचं पाणीही ओढू नये. फेस गोळ्याला उचलत नाही, त्याच्या बाजूने सरकून मोटर गाठतो. ओलं काम करताना कागदी पिशवी काढून ठेवायची असते, बऱ्याच यंत्रांत तिच्या जागी स्पंजाची टोपी चढवतात. काम झालं की टाकी ओतून, पुसून, यंत्र काही मिनिटं नुसतं चालवावं आणि पाइप खुंटीला उभा लटकवावा. गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या पाइपात पाणी साचतं आणि गणपतीपर्यंत त्याला घाण सुटते.

विजेच्या बाबतीत दोन-चार गोष्टी. आपोआप गुंडाळली जाणारी वायर ओढताना तिच्यावर आधी पिवळी खूण येते, मग लाल. पिवळी दिसेपर्यंत वायर बाहेर काढायचीच, कारण आत गुंडाळलेली वायर तापते. लाल खुणेच्या पुढे ओढायची नाही, आतला जोड तुटतो. हजार-चौदाशे वॅटचं यंत्र चार ते सहा ॲम्पियर वीज घेतं, तेव्हा मोबाइल चार्जरच्या बारक्या एक्स्टेंशनवर ते चालवू नये. पिन हाताला गरम लागली तर सॉकेटच्या पट्ट्या सैल झाल्या आहेत. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र लावलं की इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो, कारण सातशे-नऊशे व्हीएच्या इन्व्हर्टरला हा भार पेलत नाही. पिनेला अर्थिंगचा तिसरा दांडा नाही म्हणून घाबरू नये. यंत्राच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचं आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. व्होल्टेज पडलं असेल तर ही मोटर नुसती हळू चालते. फ्रिजच्या मानाने ती सोशिक.

आणि मोटर खरंच बिघडली तर? ती तसं आधी सांगते. यंत्र बंद केल्यावर लगेच दुसऱ्या खोलीत जाऊ नये, थांबून ऐकावं. धडधाकट मोटर सुईईई करत हळूहळू विसावते. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत करकर ऐकू आली, किंवा ती झटकन थांबली, तर बेअरिंग चाललंय. मागच्या जाळीतून डोकावल्यावर बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर चिंता नाही. नारिंगी जाळाचं कडं दिसलं तर कार्बन झिजले आहेत किंवा आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, खराब आहे. कार्बन बदलताना दोन्ही बदलावेत, एकच नाही. जळक्या वार्निशचा वास म्हणजे वाइंडिंग. जळक्या रबराचा वास मात्र मोटरचा नसतो. फिरत्या ब्रशाच्या यंत्रात केस आणि गोधडीचे धागे गुंडाळून ब्रश अडकतो आणि पट्टा घासला जातो. ब्रशाच्या कडेला खाच असते, तिच्यातून कात्री चालवली की केसांचं वेटोळं सुटून येतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले आहेत. तरी मिनिटाला तीस हजार फेऱ्यांचं आर्मेचर रिवाइंड करायच्या भरीस पडू नये. एवढ्या वेगाला तोल जरासा गेला तरी बेअरिंग टिकत नाही. मोटर अख्खी बदलणं बरं.

पण ही वेळ सहसा येत नाही. युरोपीय संघाने व्हॅक्यूम क्लीनरसाठी नियम केले, त्यात मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि पाइप ४०,००० वेळा वाकवूनही टिकला पाहिजे अशी अट आहे. आठवड्याला वीस मिनिटं सफाई धरली तर ५०० तास पुरतात अठ्ठावीस वर्षांहून जास्त. याच नियमांनी १ सप्टेंबर २०१४ पासून १,६०० वॅट आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅट अशी कमाल मर्यादा घातली, आणि तिथली घरं काही घाण झाली नाहीत. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं, ओढतं किती ते नव्हे. दुकानात खोक्यावरचा मोठा आकडा पाहून यंत्र निवडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. युरोपातच ऊर्जेच्या लेबलावरून खटला झाला. चाचणी रिकाम्या पिशवीने घेतली जात होती. डायसन कंपनीने आक्षेप घेतला की घरात यंत्र रिकाम्या पिशवीने चालत नाही, आणि ८ नोव्हेंबर २०१८ रोजी न्यायालयाने लेबलाचा नियम रद्द केला. मावशीच्या घरातल्या पुट्टीने जे दाखवलं, तेच तिथे वकील लावून सिद्ध करावं लागलं.

हल्ली पुण्या-मुंबईची मुलं आईवडिलांना बिनवायरीची आणि आपोआप फिरणारी यंत्रं पाठवतात. राधानगरीच्या जुन्या घरात उंबरे उंच आणि शेणाने सारवलेली मागची पडवी. तिथे फिरतं यंत्र फार दूर जात नाही, आणि सारवलेली जमीन कुठल्याच यंत्राने उकरून काढू नये. बिनवायरीच्या यंत्राची बॅटरी पावसाळ्यात कपाटात टाकायची तर पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवू नये, निम्म्याच्या आसपास असावी. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, मग ती कितीही महाग असो.

या भागात यंत्राचा खरा उपयोग गाद्यांसाठी आहे. धुळीतले सूक्ष्म कीटक पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात, त्यामुळे इथला पावसाळा त्यांना मानवतो. त्यांच्या विष्ठेने शिंका आणि दमा बळावतो. गादीवरून नोझल अगदी सावकाश, एका हाताला एक पट्टा असं फिरवलं तर वरचा थर निघतो. खोलवरचे जिवंत कीटक निघत नाहीत. त्यासाठी चादरी कढत पाण्यात धुणं आणि उघडीप मिळेल तेव्हा गाद्या उन्हात टाकणं आहेच. गादीच्या फटीत कुडी किंवा डोरल्याचा मणी पडला असेल तर नोझलच्या तोंडावर पातळ ओढणी रबरबँडने बांधावी. मणी कापडाला येऊन चिकटतो, पिशवीत जात नाही. बूथच्या रुमालाचाच प्रयोग, फक्त तोंडाऐवजी मोटर.

नवं यंत्र घेताना दुकानदाराला आधी पिशवी, फिल्टर आणि कार्बन कोल्हापुरात मिळतात का, हे विचारावं आणि फिल्टरचा एक जोड त्याच बिलावर घ्यावा. यंत्राच्या पोटाखाली मॉडेलच्या क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असते. घरी आणल्या आणल्या तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दोन पावसाळ्यांत तिच्यावरचं अक्षर उडून जातं, आणि मग फोनवर दुकानदार क्रमांक विचारतो तेव्हा सांगायला काही नसतं.